विमानतळ-सुरक्षा व छुपी स्फोटके

विमानतळ-सुरक्षा व छुपी स्फोटके : प्रवासी, त्यांचे सामान, टपाल किंवा माल यांच्या आडून विमानात अथवा विमानतळाच्या इमारतीत स्फोटक द्रव्ये नेली जाऊ नयेत, यासाठी योजलेली तपासणीची, नियमनाची व कायद्याची व्यवस्था. विमान-अपहरणास प्रतिबंध, शस्त्रांची झडती, परिसराची राखण हेही विमानतळ-सुरक्षेचे विषय होत. तथापि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लपविलेल्या स्फोटकांचा धोका आणि त्यास तोंड देण्यासाठी सु. नव्वद वर्षांत घडत गेलेली व्यवस्था यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

धोक्याचे स्वरूप : उंचावरून जाणाऱ्या विमानाच्या प्रवासीकक्षात बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब पुष्कळ अधिक राखावा लागतो. त्यामुळे जमिनीवर ज्या स्फोटाने एखाद्या खोलीचेच नुकसान व्हावे, तेवढ्याच स्फोटाने विमानाचे पातळ धातुकवच फाटते व आतील दाबामुळे ती फाट वाढत जाऊन विमान हवेतच मोडू शकते. अल्प द्रव्याने मोठा संहार घडविता येतो, तो यामुळे. शिवाय अवशेष समुद्रात किंवा विस्तीर्ण प्रदेशात विखुरले जात असल्याने पुरावा मिळणेही कठीण होते.

तपासणी करणाऱ्यापुढे नेहमी दोन प्रश्न असतात : या वस्तूत काय आहे, हा पहिला, आणि ही वस्तू कोणाची आहे व तो मनुष्य कोठे आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यंत्रे, श्वान व झडती यांनी मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यास प्रवाशांची यादी व दक्ष कर्मचारी पुरेसे असतात. विमानतळ-सुरक्षेच्या इतिहासातील बहुतेक मोठ्या दुर्घटना या दोहोंपैकी एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडल्या आणि बहुतेक नियम त्या दुर्घटनांनंतर केले गेले.

प्रारंभीच्या घटना : १० ऑक्टोबर १९३३ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंडियाना राज्यातील चेस्टरटनजवळ युनायटेड एअरलाइन्सचे बोइंग २४७ विमान स्फोट होऊन कोसळले व त्यातील सातही जण मृत्यू पावले. तपासात नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटाची चिन्हे आढळली. परंतु कोणावरही आरोप ठेवता आला नाही. नागरी विमानाचा स्फोटकाने घातपात झाल्याची ही पहिली सिद्ध घटना मानली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढला, तसा या मार्गाचा उपयोग प्रथम खाजगी गुन्ह्यांसाठी झाला. ९ सप्टेंबर १९४९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे विमान स्फोटाने पडून २३ जण ठार झाले. पत्नीचा काटा काढून विम्याची रक्कम मिळविण्यासाठी अल्बेर गे याने कालनियंत्रित डायनामाइट मालातून पाठविले होते. विमान सुटण्यास काही मिनिटे उशीर झाल्याने ते सेंट लॉरेन्स नदीत न पडता काठाच्या भूमीवर पडले आणि पुरावा हाती लागला. गे व त्याचे दोन साथीदार यांना फाशी देण्यात आले. १ नोव्हेंबर १९५५ रोजी डेन्व्हर येथून निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात असाच स्फोट होऊन ४४ जण मृत्यू पावले. जॅक गिल्बर्ट ग्रेअम याने आपल्या आईच्या सामानात डायनामाइट लपविले होते. त्या वेळी विमानात स्फोट घडविणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हाच नव्हता. त्यामुळे त्याच्यावर आईच्या खुनाचा खटला राज्याच्या न्यायालयात चालविण्यात आला. त्याला १९५७ च्या जानेवारीत मृत्युदंड देण्यात आला. दरम्यान १९५६ मध्ये हे कृत्य संघीय गुन्हा ठरविणारा कायदा संमत झाला.

या दोन्ही खटल्यांमुळे कायदा सुधारला, पण तपासणीची पद्धत बदलली नाही. सामान कोणी भरले, त्यात काय आहे, हे विचारण्याचा प्रघात पुढेही बराच काळ पडला नाही. असे गुन्हे एकांड्या माणसांचे व क्वचित घडणारे आहेत, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

काश्मीर प्रिन्सेस : राजकीय हेतूने झालेल्या घातपाताचे एक आरंभीचे उदाहरण भारताशी निगडित आहे. बांडुंग परिषदेस जाणारे चिनी शिष्टमंडळातील सदस्य व पत्रकार यांना घेऊन एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. दक्षिण चिनी समुद्रावर असताना त्यात स्फोट होऊन आग लागली. वैमानिक कॅप्टन डी. के. जटार यांनी जळते विमान नातूना बेटांजवळ समुद्रात उतरविण्याचा प्रयत्न केला. विमानातील १९ जणांपैकी १६ जणांना मृत्यू आला, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, मार्गनिर्देशक जे. सी. पाठक व देखभाल अभियंता ए. एस. कर्णिक हे तिघे वाचले. कर्णिकांनी पुढे या घटनेची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. जटार व हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर आणि वाचलेल्या तिघांना त्यांच्या धैर्याबद्दल अशोकचक्र देण्यात आले. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय हे या विमानाने जाणार असल्याचा समज होता. पण ते त्यात नव्हते.

इंडोनेशियाच्या चौकशीत विमानाच्या चाककक्षात कालस्फोटक ठेवल्याचे निष्पन्न झाले. हाँगकाँग येथे विमानाची निगा राखणाऱ्या कंपनीच्या एका सफाई-कामगारावर संशय होता. तो तैवानला पळून गेला. येथे स्फोटक प्रवाशाच्या सामानातून आले नव्हते. विमानाजवळ जाण्याची मुभा असलेल्या माणसाकडून ते ठेवले गेले होते. प्रवाशांची कितीही झडती घेतली, तरी कर्मचाऱ्यांची पारख व विमानाची राखण यांवाचून सुरक्षा अपुरी राहते, हा या घटनेचा धडा होता. तो पुढील काळात वारंवार नव्याने शिकावा लागला.

अपहरणे व धातुशोधक : १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विमान-अपहरणांची लाट आली. याच सुमारास स्फोटकांचा राजकीय उपयोगही वाढला. २१ फेब्रुवारी १९७० रोजी स्वित्झर्लंडमधील व्यूरेनलिंगेनजवळ स्विसएअरचे विमान स्फोटामुळे कोसळून ४७ जण ठार झाले. त्याच दिवशी एका ऑस्ट्रियन विमानातही स्फोट झाला; परंतु ते फ्रँकफुर्ट येथे सुखरूप उतरले.

या घडामोडींनंतर आंतरराष्ट्रीय कायद्याची चौकट उभी राहिली. १९६३ च्या टोकिओ करारापाठोपाठ अपहरणासंबंधीचा हेग करार (१९७०) आणि विमानाच्या घातपातासंबंधीचा माँट्रिऑल करार (१९७१) झाले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २२ मार्च १९७४ रोजी शिकागो कराराचे परिशिष्ट १७ स्वीकारले. सदस्य-राष्ट्रांनी पाळावयाची सुरक्षेची किमान मानके त्यात दिलेली आहेत.

७ मार्च १९७२ रोजी न्यूयॉर्क येथे दूरध्वनीवरून धमकी आल्याने परत बोलाविलेल्या एका विमानात ब्रँडी नावाच्या कुत्रीने स्फोटक हुडकून काढले व स्फोटाची वेळ होण्यापूर्वी ते निकामी करण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेत विमानतळांसाठी श्वानपथकांची योजना सुरू झाली. जानेवारी १९७३ पासून तेथे प्रत्येक प्रवाशाची धातुशोधक कमानीतून व त्याच्या हातातील सामानाची क्ष-किरण यंत्राने किंवा हाताने तपासणी सक्तीची झाली. इतर देशांनीही हीच पद्धत उचलली.

ही व्यवस्था प्रामुख्याने अपहरणकर्त्याचे पिस्तूल शोधण्यासाठी होती. धातुशोधकास स्फोटक द्रव्य कळत नाही. प्रवाशाने नोंदवून विमानाच्या मालकक्षात पाठविलेले सामान तर बहुतेक ठिकाणी न तपासताच जात असे. शिवाय इमारतीचा तपासणीपूर्वीचा भाग सर्वांस खुला होता. २९ डिसेंबर १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर सामान ठेवण्याच्या कपाटांजवळ स्फोट होऊन ११ जण मरण पावले. त्याचा उलगडा कधीच झाला नाही.

प्रवाशाविना सामान : नोंदविलेले सामान विमानात आणि त्याचा मालक मात्र जमिनीवर, ही स्थिती किती घातक ठरू शकते हे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले. २ ऑगस्ट १९८४ रोजी मद्रासच्या (आताचे चेन्नई) मीनंबाक्कम विमानतळावर कोलंबोच्या विमानासाठी नोंदविलेल्या बॅगांचा प्रवासी विमानात चढला नाही. म्हणून त्या बॅगा विमानात न घालता इमारतीत ठेवण्यात आल्या. सावधगिरीचे दूरध्वनीही आले; परंतु बॅगा दूर हलविण्यापूर्वीच स्फोट होऊन सु. ३० जणांचा बळी गेला. प्रवासी व सामान यांचा मेळ घेतल्याने विमान वाचले. तथापि अशा बेवारशी सामानाचे पुढे काय करावयाचे, याची तजवीज नसल्याने विमानतळ वाचला नाही.

यानंतर वर्षाच्या आतच एअर इंडियाच्या ‘सम्राट कनिष्क’ या बोइंग ७४७ विमानाचा घातपात झाला. २२ जून १९८५ रोजी व्हँकूव्हर येथे ‘एम. सिंग’ या नावाचे तिकीट असलेल्या प्रवाशाने आपली बॅग टोराँटोमार्गे थेट एअर इंडियाच्या विमानात चढवावी, असा आग्रह धरला. त्याची पुढील जागा निश्चित झालेली नव्हती. कर्मचाऱ्याने प्रथम नकार दिला. पण मागे प्रवाशांची रांग खोळंबलेली असल्याने अखेर ती विनंती मान्य झाली. बॅग गेली, प्रवासी गेलाच नाही. ‘एल. सिंग’ या नावावरील दुसरी बॅग तोक्योमार्गे एअर इंडियाच्या बँकॉकला जाणाऱ्या विमानासाठी पाठविण्यात आली. २३ जून रोजी ती तोक्योच्या नारिता विमानतळावर फुटून सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. त्यानंतर ५५ मिनिटांनी, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, ३१,००० फुटांवर (सु. ९,४५० मी.) ‘कनिष्क’ फुटले. विमान माँट्रिऑलहून लंडन, दिल्ली व मुंबईकडे निघाले होते. त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत भारतीय वंशाच्या कॅनेडियन नागरिकांची संख्या सर्वाधिक होती व अनेक कुटुंबे सुटीसाठी मुलाबाळांसह निघालेली होती.

या घटनेत तपासणीच्या एकूण एक कड्या निखळल्या. वेळेवर उडणारी स्फोटके नोंदविलेल्या सामानातून पाठविली जाण्याचा संभव आहे, असा इशारा एअर इंडियाच्या मुंबई कार्यालयाने १ जून रोजीच दूरमुद्रकाने दिला होता. तो कॅनडातील सर्व संबंधित यंत्रणांपर्यंत पोहोचला नाही. टोराँटो येथील क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगा हातात धरावयाच्या वास-शोधक उपकरणाने तपासण्यात आल्या. या उपकरणाच्या उपयुक्ततेविषयी आधीच शंका व्यक्त झाल्या होत्या. पोलिसांचे श्वानपथक प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले होते. माँट्रिऑल येथे तीन संशयित बॅगा बाजूला काढल्या गेल्या. पण श्वान येऊन पोहोचण्यापूर्वीच विमान सोडण्यात आले. हे सर्व घडूनही, चढलेले प्रवासी व चढविलेले सामान यांचा ताळमेळ घेतला गेला असता, तर ‘एम. सिंग’ याची बॅग कोणत्याही यंत्रावाचून वेगळी काढता आली असती.

समुद्रतळाशी सु. २,००० मी. खोलीवरून विमानातील ध्वनिमुद्रक व उड्डाणनोंदक वर काढण्यात आले आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्यांचे परीक्षण झाले. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या चौकशी न्यायालयाने १९८६ मध्ये, विमानाच्या पुढील मालकक्षात स्फोट झाला, असा निष्कर्ष काढला. कॅनडात गुन्ह्याचा तपास दीर्घकाळ रेंगाळला. २००५ मध्ये दोन आरोपी निर्दोष सुटले. स्फोटक उपकरणांच्या संदर्भात एका व्यक्तीसच काय ती शिक्षा झाली. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० मध्ये दिलेल्या अहवालात शासकीय यंत्रणांच्या एकामागून एक झालेल्या चुकांवर बोट ठेवले आणि त्याच वर्षी कॅनडाच्या पंतप्रधानांनी मृतांच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८५ च्या डिसेंबरमध्ये परिशिष्ट १७ मध्ये दुरुस्ती केली. प्रवासी विमानात नसेल, तर त्याचे सामान इतर सुरक्षा-उपाय केल्याखेरीज नेऊ नये, हे तत्त्व तीमुळे प्रस्थापित झाले. तथापि नियम करणे व तो पाळला जाणे यांतील अंतर लवकरच उघड झाले. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोरियन एअरचे विमान अंदमान समुद्रावर नष्ट होऊन ११५ जण ठार झाले. उत्तर कोरियाच्या दोन हस्तकांनी रेडिओत व मद्याच्या बाटलीत स्फोटक लपवून ते डोक्यावरच्या खणात ठेवले होते आणि ते स्वतः अबू धाबी येथे उतरून गेले होते. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अमेरिकन कंपनीचे विमान कोसळले. विमानातील २५९ व गावातील ११ असे २७० जण मरण पावले. रेडिओ-कॅसेट यंत्रात दडविलेले सेमटेक्स हे आकार्य (प्लॅस्टिक) स्फोटक एका बॅगेतून आले होते. ती बॅग माल्टाहून प्रवाशाविना आली होती, असे पुढे न्यायालयाने मानले. १९ सप्टेंबर १९८९ रोजी नायजर देशातील वाळवंटावर फ्रेंच यूटीए कंपनीचे विमान स्फोटाने पडून १७० जण ठार झाले.

या काळातील एका यशस्वी तपासणीचाही उल्लेख आवश्यक आहे. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इझ्राएलच्या एल अल कंपनीच्या विमानाने निघालेल्या एका तरुणीच्या बॅगेच्या दुहेरी तळात सेमटेक्स सापडले. विमानतळावरील नेहमीच्या तपासणीतून ती बॅग निसटली होती. विमान कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी तिला प्रवासाविषयी साधे प्रश्न विचारले, तेव्हा त्यांना संशय आला. नेझर हिंदावी या तिच्या वाग्दत्त वराने तिच्या नकळत ते ठेवले होते. त्याला ४५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ‘हे सामान तुम्ही स्वतः भरले आहे काय? कोणी काही वस्तू दिली आहे काय?’ हे प्रश्न विमानतळांवर विचारले जातात, त्यांचे प्रयोजन या प्रकरणावरून स्पष्ट होते. बॅग प्रवाशाबरोबर असणे पुरेसे नाही. तिच्यात काय आहे हे प्रवाशालाही ठाऊक असले पाहिजे.

शोधनाच्या पद्धती : साध्या क्ष-किरण यंत्रात वस्तूची छाया दिसते. धातूचे आकार त्यात ठळक उमटतात. परंतु आकार्य स्फोटक कोणत्याही आकाराचे करता येत असल्याने छायेवरून ते ओळखणे अवघड असते. दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण वापरल्यास पदार्थांचा अणुक्रमांक साधारणपणे अजमावता येतो. अशा यंत्राच्या पडद्यावर कार्बनी पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधल्या घनतेचे पदार्थ हिरवे दाखविण्याचा प्रघात आहे. साबण, चीज, चॉकलेट यांसारखे निरुपद्रवी पदार्थही कार्बनी असल्याने अंतिम निर्णय पाहणाऱ्या माणसावरच येऊन पडतो [→ क्ष-किरण; स्फोटक द्रव्ये].

बहुतेक स्फोटकांत नायट्रोजनाचे प्रमाण अधिक असते. त्याचा वेध घेण्यासाठी मंदगती न्यूट्रॉनांचा मारा करणारे यंत्र १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर बसविण्यात आले. ते अवजड व महाग असून निष्कारण इशारेही पुष्कळ देत असे. म्हणून त्याचा प्रसार झाला नाही. वैद्यकात रूढ असलेल्या संगणकीय छेदप्रतिमा (सीटी) पद्धतीचा उपयोग अधिक यशस्वी ठरला. तीत बॅगेचे अनेक छेद घेऊन प्रत्येक वस्तूची घनता काढता येते. या प्रकारच्या यंत्रास अमेरिकेत १९९४ मध्ये प्रथम अधिकृत मान्यता मिळाली.

दुसरा प्रकार अत्यल्प अंशाच्या शोधाचा. स्फोटक हाताळणाऱ्याच्या हातांवर व वस्तूंवर त्याचे कण राहतात. कापडाच्या तुकड्याने पृष्ठभाग पुसून ते कण यंत्रात तापवितात व त्यांचे आयन विद्युत् क्षेत्रातून किती वेगाने जातात, यावरून द्रव्य ओळखतात. आरडीएक्स, पीईटीएन यांसारख्या द्रव्यांचे बाष्प अगदी थोडे सुटत असल्याने केवळ वासावर चालणारी जुनी उपकरणे त्यांपुढे दुबळी पडत. यावर उपाय म्हणून आकार्य स्फोटकांच्या निर्मितीतच सहज ओळखू येणारे बाष्पशील द्रव्य मिसळण्याचे बंधन घालणारा करार १ मार्च १९९१ रोजी माँट्रिऑल येथे झाला व तो १९९८ मध्ये अमलात आला. प्रशिक्षित श्वानाचे घ्राणेंद्रिय आजही अत्यंत उपयुक्त मानले जाते. मात्र श्वान थकतो, त्याला विश्रांती द्यावी लागते व त्याचे प्रशिक्षण सतत चालू ठेवावे लागते.

आत्मघातकी प्रवासी : प्रवासी व सामान यांच्या ताळमेळाची पद्धत एका गृहीतावर उभी होती : स्वतः विमानात असताना कोणी ते उडविणार नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचे अपहरण करून ती पाडण्यात आली, तेव्हा हे गृहीत मोडले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तेथे विमानतळ-तपासणी संघीय शासनाने आपल्या हाती घेतली. २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीस जाणाऱ्या विमानात रिचर्ड रीड याने जोड्यांत लपविलेले स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला. सहप्रवाशांनी त्यास आवरले. यानंतर पादत्राणांची तपासणी सुरू झाली. अमेरिकेत ती काढण्याची सर्वसाधारण सक्ती २०२५ च्या जुलैपर्यंत टिकली.

द्रवरूप स्फोटकांचा धोका त्याआधीच दिसून आला होता. ११ डिसेंबर १९९४ रोजी फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात रामझी युसेफ याने ठेवलेल्या लहान स्फोटकाने एक जपानी प्रवासी ठार झाला होता व पुढील महिन्यात मानिला येथे अनेक विमाने एकाच वेळी उडविण्याचा त्याचा कट उघडकीस आला होता. तरीही द्रवांवर सर्वसाधारण निर्बंध आले ते १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये अशाच स्वरूपाचा कट पकडला गेल्यानंतर. इशारा आणि उपाय यांमध्ये येथे अकरा वर्षांहून अधिक काळ लोटला. हातातील सामानात १०० मिलि. हून मोठी बाटली न नेण्याचा नियम तेव्हापासूनचा होय. छेदप्रतिमा घेणारी नवी यंत्रे बसलेल्या काही विमानतळांवर तो अलीकडे शिथिल करण्यात आला आहे. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲम्स्टरडॅमहून डिट्रॉइटला पोहोचणाऱ्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रांत लपविलेले स्फोटक पेटविले; ते नीट फुटले नाही. धातुशोधकास ते कळणे शक्यच नव्हते. यानंतर शरीराची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांचा वापर वाढला. त्यांवर खाजगीपणाच्या भंगाचा आक्षेप आला, म्हणून प्रत्यक्ष प्रतिमेऐवजी सांकेतिक आकृती दाखविण्याची सुधारणा करण्यात आली.

माल व कर्मचारी : ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून पाठविलेल्या मुद्रणयंत्रांच्या शाईकुप्यांत स्फोटके आढळली. ती दुबई व इंग्लंडमधील ईस्ट मिडलंड्स येथे पकडली गेली. गुप्तवार्ता मिळाल्यामुळेच हा शोध लागला. इंग्लंडमध्ये तर पहिल्या तपासणीत काहीच सापडले नव्हते. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी ईजिप्तमधील शर्म अल्-शेखहून निघालेले रशियन विमान सिनाईवर पडून २२४ जण ठार झाले. रशियाने हा स्फोटकाचा घातपात असल्याचे जाहीर केले. २ फेब्रुवारी २०१६ रोजी सोमालियातील मोगादिशूहून निघालेल्या विमानात लॅपटॉपमध्ये दडविलेले स्फोटक फुटले. विमानतळावरील कामगारांनी ते तपासणीपलीकडे पोहोचविले होते. विमान अद्याप फार उंच गेलेले नसल्याने आतील व बाहेरील दाबात मोठा फरक नव्हता. त्यामुळे भगदाड पडूनही ते उतरविता आले आणि हल्लेखोराखेरीज कोणी मेले नाही. १९५५ मध्ये हाँगकाँग येथे दिसलेला धोका साठ वर्षांनंतरही कायम असल्याचे या घटनेने दाखविले.

विमानाची तपासणी कडक झाल्यावर हल्लेखोरांचे लक्ष इमारतीच्या खुल्या भागाकडेही वळले. मॉस्कोचा दोमोदेदोवो विमानतळ (२४ जानेवारी २०११) व ब्रुसेल्स (२२ मार्च २०१६) येथील स्फोट प्रवाशांच्या गर्दीत झाले. तपासणीसाठी लागणारी लांब रांग हीच धोक्याची जागा ठरू शकते, हे लक्षात घेऊन विमानतळांच्या रचनेत बदल करण्यात येऊ लागले.

भारतातील व्यवस्था : १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाल्यावर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीनुसार जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षा-कक्ष स्थापन झाला. १९८२ मध्ये अपहरणविरोधी व विमान-घातपातविरोधी असे दोन कायदे संमत झाले. ‘कनिष्क’च्या दुर्घटनेनंतर या कक्षाचे १ एप्रिल १९८७ रोजी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो या स्वतंत्र विभागात रूपांतर करण्यात आले. डिसेंबर १९९९ मधील अपहरणानंतर विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्याचा निर्णय झाला व ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून त्यास प्रारंभ झाला.

भारतीय प्रवाशांच्या परिचयाची एक पद्धत म्हणजे विमानात चढण्यापूर्वी शेजारी मांडून ठेवलेल्या सामानातून आपापली बॅग ओळखून दाखविणे. जी बॅग कोणी आपली म्हणत नसे, ती विमानात चढत नसे. उन्हापावसात उभे राहावे लागत असल्याने प्रवासी कुरकुर करीत; पण मालक व सामान यांचा मेळ घालण्याचा हा सर्वांत सोपा व विनाखर्च मार्ग होता. पुढे संगणकीय नोंदी व सामानाच्या पट्ट्यावरच बसविलेली तपासणी-यंत्रे आल्यावर ही पद्धत मागे पडली. हातातील सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धतही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या नोंदविलेल्या सर्व सामानाची तपासणी १ जानेवारी २००६ पासून जगभर बंधनकारक झाली आहे.

मर्यादा : कोणतेही यंत्र सर्वस्वी अचूक नसते. समजा, एखाद्या विमानतळावरून दिवसाला १ लाख बॅगा जातात व यंत्र शंभरांतील एका निर्दोष बॅगेबाबत चुकीचा इशारा देते. तर प्रतिदिनी सु. १,००० बॅगा उघडून पाहाव्या लागतील आणि वर्षानुवर्षे त्यांतून काहीही निघणार नाही. अशा स्थितीत इशाऱ्याकडे काणाडोळा करण्याची सवय लागते. टोराँटो येथे १९८५ मध्ये एका बॅगेजवळ उपकरण किंचित वाजले होते. तरी ती पुढे गेली. म्हणूनच तपासनिसांची पाळी थोड्या वेळाची ठेवणे, अधूनमधून पडद्यावर कृत्रिम धोका दाखवून त्यांची परीक्षा घेणे व त्यांना पुरेसे वेतन आणि अधिकार देणे, या गोष्टींना यंत्रांइतकेच महत्त्व आहे. व्हँकूव्हर येथील कर्मचाऱ्याचा पहिला नकार योग्यच होता. तो टिकविण्यास आवश्यक असे स्पष्ट नियमांचे व वरिष्ठांचे पाठबळ तेथे नव्हते.

प्रवाशांची गैरसोय, उड्डाणांचा विलंब व खर्च यांमुळे सुरक्षेच्या प्रत्येक उपायावर आक्षेप घेतले जातात. त्यांपैकी काही रास्तही असतात. कारण ठरावीक वंशाच्या वा धर्माच्या प्रवाशांकडेच संशयाने पाहण्याची प्रवृत्ती अन्याय्य आहेच, शिवाय ती निरुपयोगीही आहे. हीथ्रो येथे पकडलेली बॅग आयर्लंडच्या एका निष्पाप तरुणीच्या हाती होती आणि डेन्व्हर येथील बॅग एका आईच्या हाती. सामानात काय आहे व ते कोणाचे आहे, हे दोन्ही प्रश्न प्रत्येक प्रवाशाबाबत आणि विमानाजवळ जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याबाबत सारख्याच कसोशीने विचारले जाणे, हाच या व्यवस्थेचा आधार होय.